ते एक वाक्य मी खोडायला हवं होतं

ताई,

तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. कसं कळलं, ते सांगायची लाज वाटते, पण त्याच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. कोणाचा फोन आला नाही. स्टाफरूममध्ये डबा खाताना एका तरुण प्राध्यापकानं मोबाइल माझ्यापुढे धरला. तुमच्या त्या सिनेमाचा तोच तुकडा होता, धबधब्याखालचा. वर कोणीतरी लिहिलं होतं की आपली राणी गेली. खाली शेकडो अनोळखी लोकांनी हात जोडले होते, फुलं वाहिली होती, लाल बदाम टाकले होते. एकानं लिहिलं होतं, आज माझं तारुण्य गेलं.

"सर, तुम्ही यावरच लेख लिहिला होता नं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो आणि डबा बंद केला.

सिनेमाचं नाव मी इथं लिहिणार नाही, तुमचंही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना ते माहीत असण्यात माझा हात आहे.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बारावीत होतो. बार्शीटाकळीहून रोज एसटीनं अकोल्याला कॉलेजला यायचो. मॉर्निंग शोला तुमचा सिनेमा लागायचा. एकदा लागून गेला असं नाही, दर दोन-चार महिन्यांनी तो परत यायचा, तेच फाटकं पोस्टर घेऊन. आम्ही तोंडाला रुमाल बांधून आत शिरायचो. एकदा मध्यंतरात दिवे लागले तर पुढच्या रांगेत आमचे गणिताचे सर बसलेले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. दोघांनीही मान वळवली, आणि वर्षभर त्यांनी मला वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

सिनेमा तसा काहीच नव्हता. जंगलातला एक ठेकेदार, त्याची कंटाळलेली बायको, एक फॉरेस्ट गार्ड, आणि पाण्याला जाणारी एक रानातली पोर, म्हणजे तुम्ही. वाघ दोनदा दिसायचा आणि दोन्ही वेळा तो दुसऱ्याच कुठल्या सिनेमातून उचललेला असायचा. आवाज ओठांच्या मागून यायचा. पण धबधब्याच्या प्रसंगात तो ठेकेदार तुमच्याकडे येता येता शेवाळावरून घसरून पाण्यात आपटतो, आणि तुम्ही मान मागे टाकून, गळ्यावर हात ठेवून हसता. भीती नाही, लाडिकपणा नाही. खरंच हसू आलेल्या बाईसारखं हसता. तेवढा वेळ टॉकीजमधल्या शिट्ट्या बंद व्हायच्या. हे मी बनवून सांगत नाही. तसं व्हायचं.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, अमरावतीत स्थिरावलो, लग्न झालं. तुम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर आहात एवढंच मला ठाऊक होतं. स्पर्धा परीक्षेच्या मुलींना रविवारी सकाळी मराठी व्याकरण शिकवाल का, असं तुम्ही निरोप पाठवून विचारलंत आणि मी यायला लागलो. तुमचा दरारा होता. मुली तुमच्या पावलांचा आवाज ओळखायच्या. मला मात्र तास संपला की तुमच्या ऑफिसात कमी साखरेचा चहा मिळायचा, आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी. दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसून चहा प्यालो आणि मला काहीसुद्धा ओळखू आलं नाही.

मग एका रविवारी, मी समास शिकवत असताना, खिडकीतून एक वानर आत आलं आणि टेबलावरचं माझं व्याकरणाचं पुस्तक घेऊन कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसलं. तिथं बसून ते एकेक पान उलटायला लागलं, मध्येच थांबायचं, जणू त्याला शंका आली. मुली ओरडत होत्या. तुम्ही धावत आलात, भिंतीकडे पाहिलंत, आणि मान मागे टाकून, गळ्यावर हात ठेवून हसलात.

मी खडू हातात धरून उभा राहिलो. माझे कान तापले होते, ताई. तिथं पंचवीस मुली होत्या, समोर पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या तुम्ही होतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं असावं.

एक वर्ष मी गप्प होतो. मग एकदा चहा पिताना विचारलं की तुम्ही कधी सिनेमात काम केलं होतं का. तुम्ही हजेरीचं रजिस्टर मिटलंत.

"किती दिवसांपासून माहीत हाय तुमाले?"

मी म्हणालो, वर्षभर झालं.

"मंग वर्षभर काहून थांबले?"

उत्तराची वाट तुम्ही पाहिली नाही. तुम्ही सांगायला लागलात. अकोल्यात तुम्ही हौशी नाटकांत काम करायचात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घरात शिकलेली पहिली पिढी त्यांची, आणि मुलगी रंगमंचावर उभी राहते याचा त्यांना अभिमान होता. नाट्यस्पर्धेत तुम्हाला पाहून एक निर्माता घरी आला. आदिवासींच्या शोषणावरचा सामाजिक सिनेमा आहे असं त्यानं वडिलांना सांगितलं. वडिलांनी परवानगीच नाही, आशीर्वाद दिला. बारा दिवस चिखलदऱ्याला शूटिंग झालं, जानेवारीत. पाणी इतकं गार होतं की तुमचे दात वाजायचे आणि दिग्दर्शक म्हणायचा, थांबा, हिचं थरथरणं चांगलं दिसून राहिलं. एक कोरकू आदिवासी बाई तुमचे कोरडे कपडे छातीशी धरून काठावर उभी राहायची आणि प्रत्येक शॉटनंतर धावत यायची. ठेकेदाराचं काम करणारा माणूस घसरला तो खरोखरच घसरला होता. कॅमेरा चालू राहिला आणि त्यांनी ते ठेवून दिलं.

सिनेमा तुम्ही एकदाच पाहिलात, परतवाड्याला, मैत्रिणीसोबत, डोक्यावरून पदर घेऊन. अर्ध्यात तुम्ही उठलात. आवाज तुमचा नव्हताच. आणि ओल्या पदरापर्यंत तुम्ही होतात, त्याच्यापुढे कोणीतरी दुसऱ्याच रिळाचा तुकडा जोडला होता. त्यात दुसरीच बाई होती, अंगावर काही नसलेली.

"मान माही, बाकी सारी ते," तुम्ही म्हणालात. "पस्तीस वर्षं झाले, मी तिचा विचार करतो, सर. माहं नाव तरी पोस्टरवर होतं. तिचं कोनालेच माहीत नाही. कोन असंल, कुठची असंल."

ठरलेलं लग्न मोडलं. वडिलांनी तुम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्यानंतर त्यांनी घरात नाटकाचा विषय काढला नाही, आणि तुम्हीही पुढे नाटक केलं नाही. अमरावतीत येऊन तुम्ही आधी बालवाडी चालवली, मग वसतिगृह.

उठताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हे तुमच्यापाशीच राहू द्या. पोरींच्या मायबापानं माह्या भरवशावर पोरी ठेवल्या हायेत."

मी शब्द दिला.

आता पुढचं लिहायला हवं. तोवर तो सिनेमा इंटरनेटवर आला होता. जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती ती त्यातले संवाद पाठ म्हणून दाखवायची, त्याच्या पोस्टरचे टी-शर्ट घालायची. एका दिवाळी अंकाच्या संपादकानं मला विचारलं की हा सिनेमा अजून का जिवंत आहे यावर लिहा. मला मोह झाला. मला खरंच काही सांगायचं होतं. त्या काळातल्या असल्या सगळ्या सिनेमांत बाई एक तर घाबरते नाही तर बोलावते. तुमच्या सिनेमात ती हसते, आणि जो तिला पाहायला आलाय त्यालाच हसते. बघणाऱ्याला क्षणभर आपण पकडले गेलो असं वाटतं, आणि त्या वाटण्यासाठी तो परत परत येतो. असं मी लिहिलं. चांगलं लिहिलं. ते आजही मला खोटं वाटत नाही.

पण लेखाला शेवट सापडत नव्हता. तेव्हा मी लिहिलं: "ती आज अमरावतीत शंभर मुलींना पहाटे अभ्यासाला उठवते, आणि त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही की एक अख्खी पिढी तिच्या हसण्यावर जीव टाकत होती."

लिहिलं आणि खोडलं. मग परत लिहिलं. मला कळत नव्हतं असं नाही, ताई. मला पूर्ण कळत होतं. नाव नाही ना लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. वाक्य सुंदर होतं आणि ते मला सोडवेना. संपादकानं ते चौकटीत टाकलं. लोकांचे फोन आले, शेवट काय लिहिलाय सर, म्हणून. मी आठ दिवस त्या कौतुकात होतो.

नवव्या-दहाव्या दिवशी कोणीतरी वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनातला तुमचा फोटो आणि सिनेमातला तुमचा चेहरा शेजारी शेजारी लावला. अमरावतीत मुलींची वसतिगृहं पुष्कळ आहेत, पण शोधणाऱ्याला फार वेळ लागला नाही. आठवड्यात ते पालकांच्या ग्रुपवर पोचलं.

पालकांची सभा रविवारी सकाळी झाली, मी शिकवायचो त्याच हॉलमध्ये. संस्थेच्या लोकांनी मलाही बोलावलं होतं, हितचिंतक म्हणून. मी तिसऱ्या रांगेत बसलो. तुम्ही टेबलामागे उभ्या होतात, शेजारी तुमची मदतनीस म्हणून प्रतीक्षा उभी होती, आमच्याच बार्शीटाकळी तालुक्यातली, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी. एका वडिलांनी उठून विचारलं, हे जे फिरून राहिलं ते खरं आहे का.

तुम्ही म्हणालात, "खरं हाय. ते मीच. लपवण्यासारखं मी काही केलं नाही. सांगण्यासारखंही नव्हतं, म्हनून सांगितलं नाही."

मग दुसरा एक जण म्हणाला, आतापर्यंत नाही कळलं तर आता कसं कळलं, कोणी बाहेर काढलं हे. तेव्हा मी उठायला हवं होतं. माझ्या मांडीवर चष्म्याचं घर होतं, त्याचं झाकण मी उघडत होतो आणि लावत होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठलो असतो, अशी मी पुढे कित्येक महिने स्वतःची समजूत घातली. तुम्ही म्हणालात, "कोनी काढलं याले आता काय अर्थ हाय," आणि विषय संपवला.

प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा, असं कागदावर लिहिलं गेलं. तुमच्या दोन बॅगा मुलींनी ऑटोपर्यंत नेल्या. मी फाटकाशी उभा होतो. प्रतीक्षा माझ्या बाजूनं गेली तेव्हा म्हणाली, सर, जरा सरका.

अकोल्याला तुमच्या भावाकडे यायला मला चार महिने लागले. भाऊ एसटीतून रिटायर झालेले, त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. वहिनींनी वांग्या-आलूची भाजी, भाकर, ठेचा वाढला. तुम्ही बारीक झाल्या होतात. गल्लीतल्या पोरींना शिवण शिकवत होतात. जेवण झाल्यावर आपण ओसरीवर बसलो आणि मी बोलायला सुरुवात केली की ताई, माझ्याकडून...

"माफी मागू नको," तुम्ही म्हणालात. पहिल्यांदाच मला एकेरी. "तू मागशील तं मले द्या लागंल. माह्यात नाही तेवढी ताकद."

मग मी वेगळ्याच वाटेला गेलो. लेखाचा बचाव करायला लागलो. म्हणालो, ते वाक्य चुकलं, पण बाकीचं खरं आहे, लोक अजून तो सिनेमा पाहतात ते तुमच्या हसण्यासाठी. तुम्ही शिवणाची सुई पदराला टोचून ठेवलीत आणि माझ्याकडे सरळ पाहिलंत.

"तुले काय वाटते, लोक हसू पाहाले येत होते? माह्या हसण्यानं तू आपलं तोंड धुऊन राहिला."

मी म्हणालो, येत असतील दुसऱ्या कशासाठी, पण लक्षात राहिलं ते हसूच. तुम्ही म्हणालात की लक्षात काय राहिलं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं आणि माणूस आपल्या सोयीचं ठरवतो. मी म्हणालो, मग तो इतकी वर्षं का टिकला, तसले सिनेमे शेकड्यांनी आले आणि गेले. तुम्ही पदराला टोचलेली सुई काढून परत हातात घेतलीत. मग विचारलंत, "तू किती वेळा पाह्यला?"

मी म्हणालो, एकदा. मित्रांनी ओढत नेलं होतं.

नऊ वेळा, ताई. नऊ वेळा पाहिला, आणि कोणी ओढत नेलं नव्हतं. त्यातल्या तीन वेळा तर कॉलेजची परीक्षा जवळ होती. आणि मी हसू पाहायला जात नव्हतो. जोडलेल्या तुकड्यासाठी जात होतो, ज्या बाईचं नाव कोणाला माहीत नाही तिच्यासाठी, आणि ती तुम्हीच आहात असं समजून. हसण्याचं मला फार नंतर सुचलं, शिकल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर. तुम्ही बरोबर होतात. निदान माझ्यापुरत्या पूर्ण बरोबर होतात.

आणि तरी त्या टॉकीजमध्ये शिट्ट्या थांबायच्या, हेही खरं आहे. त्याचं काय करायचं? हा वाद आपला अर्धा राहिला. तुम्ही असता तर मी आज खरा आकडा सांगून परत भांडलो असतो, आणि तुम्ही ऐकून घेतलं असतं की नाही, सांगता येत नाही. मी निघालो तेव्हा तुम्ही बाहेरपर्यंत आलात आणि आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलंत. त्या दिवशी बसमध्ये मी अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो. तुमच्याकडून मला जे जे मिळालं, रविवारची सकाळ, कमी साखरेचा तो चहा, माझ्यावर टाकलेला भरवसा, ते सगळं त्या एका चौकशीनं माझ्या अंगावर आलं. त्यानंतर मी परत आलो नाही. फोनही केला नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आलो. घरासमोर मांडव होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेशेजारी तुमचा फोटो, पांढऱ्या साडीतला. वंदना झाली. भाऊंनी मला पाहिलं आणि माणसांतून वाट काढत येऊन पुढं नेऊन बसवलं. सगळ्यांना सांगितलं की हे अमरावतीचे सर, ताईच्या पोरींना फुकट शिकवायचे, ताईनं वसतिगृह सोडल्यावरही भेटायला आले होते. तेव्हा मला समजलं की तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. भावाला नाही, वहिनींना नाही, मुलींना नाही. लेख कोणाचा होता हे ज्यांना माहीत होतं ते कोणी या मांडवात येणारे नव्हते.

माझ्या हातात माइक आला. मी बोलायला सरावलेला माणूस आहे. तुमच्या शिस्तीबद्दल दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. मग म्हणालो, "ताईंबद्दल दिवाळी अंकात मी लिहिलं. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, मी शब्द दिला होता, आणि मी लिहिलं. त्यांचं काम माझ्यामुळे गेलं."

भाऊंनी माइक माझ्या हातातून घेतला, रागानं नाही, नुसता घेतला, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. आवाज तसाच होता. पण जेवायला बसताना त्यांनी मला बोलावलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी चपला शोधत असताना प्रतीक्षा आली. ती आता पोलिसात आहे, साध्या ड्रेसमध्ये आली होती. माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या दिवशी सभेत काहून नाही बोलले, सर?"

माझ्यापाशी पुष्कळ उत्तरं होती, तीन वर्षं जमवलेली.

"भ्यालो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मला वाटलं ती जाईल, पण ती थांबली.

"त्यायी भ्याल्या होत्या," ती म्हणाली. "टेबलामागे माहा हात धरून होत्या. एवढा घट्ट, की बोटं दोन दिवस दुखले."

मग ती वाढायला निघून गेली. तुम्हाला मी इतक्या वेळा पाहिलं, ताई. अंधारात बसून पाहिलं, उजेडात समोर बसून पाहिलं, त्यावर लेख लिहिला. त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून मला तुमचा शांत चेहरा तेवढा दिसला, आणि मी समजलो की तुम्हाला कोणाची गरज नाही.